न मोडलेले ढेकूळ

कोहमारा हे नाव बहुतेकांच्या कानावर पडते ते फाटा म्हणून. नागपूरहून भंडारा, साकोली करत रायपूरकडे निघालेला महामार्ग, म्हणजे जुना सहा नंबर आणि आताचा 53, इथे गोंदियाहून येणाऱ्या रस्त्याला छेदतो. उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध, पूर्वेला देवरीचे जंगल. सडक अर्जुनी तालुक्यातल्या या फाट्यावर माणसे चहा पितात आणि पुढे निघतात. सभोवती धानाच्या बांध्या, मधूनमधून बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि तलाव, मागे नागझिऱ्याच्या टेकड्या. पुरातत्त्वाच्या नकाशावर विदर्भाचे ठिपके आहेत ते मुख्यतः नागपूरभोवती: जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, अडम. वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथून पूर्वेला यावे तसे ठिपके विरळ होतात. जुन्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिलोता खैरी, पिंपळगाव इथल्या प्राचीन शिळास्मारकांचा उल्लेख येतो. आमगावजवळच्या पदमपूरला वा. वि. मिराशी वाकाटकांचे पद्मपूर मानतात. पण ‘या झाडीपट्टीत धानाची बांधी पहिल्यांदा कुणी घातली आणि कधी’ एवढा साधा प्रश्न विचारला, की नोंदी गप्प होतात.

तलावांचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे सांगतात. मालगुजारी गेली आणि अशा तलावांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव पडले. पण कोहळी आले तेव्हा इथे काय होते? नुसते जंगल, की मोडक्या पाळींची, बुजलेल्या बोड्यांची जमीन? याचे उत्तर ताम्रपटात सापडण्याची आशा थोडी आणि खापरांत त्याहून थोडी. ते मातीत आहे. मात्र त्यासाठी माती पाहण्याची एक वेगळी रीत लागते. ती जगात गेली ऐंशीएक वर्षे वाढते आहे आणि महाराष्ट्रात अजून अर्धीच रुजली आहे.

उत्खननातली माती आपल्याकडे पूर्वीपासून सूक्ष्मदर्शकाखाली गेली, पण चाळून, धुऊन, निवडून. यातले सर्वांत जुने आणि सुंदर उदाहरण नेवाशाचे. ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या भोकांतला दोऱ्याचा तुकडा कुजायचा राहिला होता. तो माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतल्या ए. एन. गुलाटी यांच्याकडे गेला. रेशीम आणि कापूस असा मिश्र दोरा असल्याचे त्यांनी सांगितले. चांडोलीच्या उत्खननातल्या दोऱ्यात त्यांना जवसाचा तंतू दिसला. हे निष्कर्ष पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1961 मध्ये छापले. त्याच पुस्तकात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले विष्णू-मित्रे यांनी वनस्पतींवर लिहिले होते. पुढे मुकुंद काजळे यांनी डेक्कन कॉलेजात जळक्या दाण्यांचा अभ्यास कित्येक वर्षे चालवला. इनामगाव, भोकरदन, तुळजापूर गढी, नायकुंड, भागीमोहारी अशी त्यांनी हाताळलेल्या स्थळांची यादी लांबते. उत्खननातली माती पाण्यात सोडायची, कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते गाळून वाळवून भिंगाखाली लावायचे, अशी ही पद्धत. विदर्भातले शिलावर्तुळवाले, म्हणजे दफनांभोवती दगडांची वर्तुळे रचणारे लोक काय पेरत आणि काय खात, याविषयी आज जे काही खात्रीने बोलता येते, त्यातला मोठा भाग या तरंगत्या काळ्या दाण्यांचा आहे.

दाणा सापडला म्हणजे पीक सापडले. शेत मात्र सापडत नाही. दाणा विकत आणलेला असू शकतो, खंडणीत आलेला असू शकतो. शिवाय दाणा मिळवताना माती मोडावी लागते. जमिनीवर कोण चालले, कुठे चूल पेटली, कुठे पाणी साचले, हे ज्या मांडणीत लिहिलेले असते ती मांडणी पाण्यात विरघळून जाते. मातीची घडण तशीच ठेवून पाहायची असेल तर ढेकूळ न मोडता काढावे लागते. या शाखेला मृदा-सूक्ष्मरचनाशास्त्र म्हणावे लागेल. शब्द जड आहे, काम त्याहून जड.

या शाखेचा पाया ऑस्ट्रियाच्या वॉल्टर कुबिएना यांनी घातला. त्यांचे ‘मायक्रोपेडॉलॉजी’ हे पुस्तक 1938 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून निघाले. त्यांना रस होता तो शेतजमिनीत. पुरातत्त्वाकडे ही वाट वळवली लंडनच्या इयन कॉर्नवॉल यांनी. त्यांचे पुरातत्त्वज्ञांसाठीचे मातीवरचे पुस्तक 1958 चे. आणि 1989 मध्ये मारी-आन्येस कूर्ती, पॉल गोल्डबर्ग आणि रिचर्ड मॅकफेल या तिघांनी पाठ्यपुस्तक लिहिले, तेव्हापासून ही हौशी मंडळींची गोष्ट राहिली नाही.

खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा छेद साफ करायचा. जिथे दोन थर मिळतात तिथे पत्र्याची उघडी चौकट हळूहळू दाबायची, मागून सुरीने माती सोडवायची आणि दोन्ही बाजूंनी झाकणे लावायची. डब्यावर वर कोणते, खाली कोणते याचा बाण काढला नाही तर पुढचे सगळे वाया. मग माती सुकवायची. ती सुकताना तडकली तरी वाया, म्हणून चिकणमातीतले पाणी अनेकदा अॅसिटोनने काढून घेतात. त्यानंतर निर्वातात राळेसारखे रसायन मुरवायचे आणि ते दगडासारखे घट्ट होईपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबायचे. हिऱ्याच्या करवतीने काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत 30 मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या तेहतिसाव्या हिश्श्यावर आणायचा. एवढ्या जाडीला क्वार्ट्‌झचा कण ध्रुवीभूत प्रकाशात राखाडी-पांढरा दिसतो. पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे. घासणाऱ्याचा हात एकदा चुकला की तीन हजार वर्षे धुवून निघतात. एका उत्खननातून पन्नास डबे आणले तर त्यांचे काप होऊन, पाहून, लिहून व्हायला वर्ष-दोन वर्षे सहज जातात. उत्खननाची पुरवणी मागणी मंजूर करणाऱ्या कारकुनाला हे पटवणे किती अवघड आहे, याची कल्पना यावरून यावी.

या कापात काय दिसते? सारवलेली जमीन दिसते: बारीक मातीचा आणि शेणाचा पातळ पदर, त्यावर पायदळी चुरलेली धूळ, त्यावर पुन्हा सारवण. जनावरांच्या गोठ्यात शेणाचे लहरी थर दाबून बसलेले दिसतात आणि त्यांत चुनखडीचे इवले गोलक चमकतात. गवत खाणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार होणारे हे गोलक 5 ते 20 मायक्रॉनचे असतात. ध्रुवीभूत प्रकाशात प्रत्येकावर काळी फुली उमटते. लाकडाची राख असेल तर लाकडातल्या स्फटिकांचे आकार चुनखडीत तसेच टिकलेले दिसतात. चूल जागेवरच पेटली असेल तर राखेखालची माती तांबडी भाजलेली असते, आणि राख दुसरीकडून आणून टाकली असेल तर ती तशी नसते. साचलेल्या पाण्याने बसलेला गाळ कणांच्या आकारमानाने निवडलेला असतो. माणसाने टाकलेला भराव तसा नीटनेटका कधीच नसतो.

डोळ्यांना जे पटले ते कापाने मोडून काढल्याची उदाहरणे जगात गाजली आहेत. चीनमधल्या झोउकोउदियान गुहेत आदिमानवाने आग राखली होती, असे पाठ्यपुस्तके अर्धे शतक शिकवत होती. 1990 च्या दशकात स्टीव्ह वाइनर, गोल्डबर्ग आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी तिथले काप पाहिले. जिला सगळे चुलीची राख म्हणत होते, ती मुख्यतः पाण्याने बसलेली बारीक माती निघाली. पुढे चिनी संशोधकांनी वरच्या थरांत आगीचा पुरावा नव्याने मांडला, तेव्हा हा वाद अजून संपलेला नाही. याउलट दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत, तोंडापासून तीसेक मीटर आत, सुमारे 10 लाख वर्षांपूर्वीच्या थरात जळलेल्या वनस्पतींची राख आणि हाडांचे भाजलेले तुकडे जागच्या जागी असल्याचे 2012 मध्ये कापांवरूनच सिद्ध झाले. साध्या डोळ्यांना तिथे चूल म्हणावी असे काहीच दिसत नव्हते.

भारतात अशा अभ्यासाची सुरुवात शेणापासून झाली, हे आपल्या देशाला शोभेसेच झाले. कर्नाटकात बळ्ळारी-रायचूरकडे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. कुणी त्यांना ज्वालामुखीची राख म्हटले, कुणी लोखंड गाळण्याचा मळ, तर कुणी राक्षसांच्या चिता. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच ते जळलेले शेण असावे असे म्हटले होते. फ्रेडरिक त्सॉयनर यांनी 1960 मध्ये प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या आधारे तेच मत मांडले. हे त्सॉयनर डेक्कन कॉलेजला परके नव्हते. गुजरातच्या अश्मयुगावरची त्यांची पुस्तिका डेक्कन कॉलेजनेच 1950 मध्ये काढली होती. मग कुपगल इथल्या ढिगाऱ्याचे उत्खनन करून जी. जी. मुजुमदार आणि शरद राजगुरू यांनी 1966 मध्ये त्याचा वृत्तांत लिहिला. मातीचे रसायन, राखेची घडण आणि ढिगाऱ्याचे थर यांचा मेळ घालणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही कामांपैकी ते एक. पुढे के. पद्दय्या यांनी बुदिहाळला राखेच्या ढिगाऱ्यालगतची वस्ती खणली, तेव्हा गोठा, वस्ती आणि ढिगारा हे एकाच जगण्याचे भाग असल्याचे स्पष्ट झाले.

मग बोरी. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी पांढुरक्या राखेचा थर मिळाला. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात बुडबुड्यांच्या फुटलेल्या भिंतींसारखे काचकण दिसले, म्हणजे ती चुलीची नव्हे तर ज्वालामुखीची होती. महाराष्ट्रात तेव्हा ज्वालामुखी नव्हता. राख इंडोनेशियातून उडून आलेली. आता ती कोणत्या उद्रेकाची? 1989 च्या पोटॅशियम-आर्गॉन मापनाने वय 14 लाख वर्षे दिले, 1995 च्या आर्गॉन मापनाने सुमारे 6 लाख 70 हजार, आणि काचेचे रसायन पाहणाऱ्यांनी ती तिथल्या टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. राखेजवळ मिळालेल्या दगडी हत्यारांचे वय या तीन आकड्यांमध्ये हेलकावे खात राहिले. इथे एक प्रश्न वयाच्या आधी विचारायला हवा: ही राख आकाशातून पडली तशीच बसली आहे, की नदीने ती जुन्या-नव्या मातीत कालवून पुन्हा टाकली आहे? तो वयमापनाच्या यंत्राला विचारता येत नाही. तो न मोडलेल्या ढेकळालाच विचारावा लागतो.

कोहमाऱ्याच्या माणसाला सर्वांत जवळचे वाटेल असे काम मात्र राजस्थानात झाले. उदयपूर जिल्ह्यातल्या बालाथळला डेक्कन कॉलेजचे वी. एन. मिश्र ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणत होते. निकोल बॉयव्हिन यांनी तिथे खड्ड्यातल्या जमिनींइतकेच लक्ष शेजारच्या नांदत्या गावातल्या घरांकडे दिले. बाया माती आणि शेण कालवून जमीन कधी सारवतात, दिवाळीला कशी, लग्नाला कशी, ओसरी कधी आणि आतली खोली कधी, हे त्यांनी विचारले, पाहिले आणि त्याच जमिनींचे काप काढले. घरातले सणवार, सोहळे, जमिनीच्या पदरांत मोजता येतात, असे त्यांनी 2000 साली मांडले आणि तुर्कस्तानातल्या चातालह्यूयुक या नवाश्मयुगीन गावातल्या लिंपणाच्या कितीतरी पदरांचा अर्थ लावायला तोच धागा वापरला. एका सारवलेल्या ओसरीचा चिमूटभर तुकडा नऊ हजार वर्षांपूर्वीच्या घराला उलगडतो, यात काही चमत्कार नाही. हात तेच आहेत, माती तीच आहे.

इनामगावच्या उत्खननात म. के. ढवळीकर आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक घरे उघडली. 1968 ते 1983 असे हे काम चालले. घरांच्या जमिनी एकावर एक सापडल्या. त्यांचे वर्णन अहवालात आहे: काळी माती, कोंडा, शेणाचा सडा. पण त्या जमिनींचे उभे काप काढलेले नाहीत. याला दोष म्हणता येणार नाही. त्या काळी राळ, करवत आणि वेळ या तिन्हींची वानवा होती. मात्र आज उपलब्ध अहवाल चाळले तर महाराष्ट्रातल्या उत्खननांत दाण्यांवर प्रकरण असते, हाडांवर असते, मण्यांवर तर असतेच असते. न मोडलेल्या मातीवर क्वचितच. पैठणचे 1990 च्या दशकातले उत्खनन, ज्याचा अहवाल 2020 मध्ये निघाला, तेही वनस्पतींच्या बाबतीत श्रीमंत आहे. नगरधनला विराग सोनटक्के यांच्या चमूला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मुद्रा मिळाली आणि ती वर्तमानपत्रांत आली. त्याच नगरधनच्या एखाद्या घराची जमीन किती वेळा सारवली गेली, हे विचारायला कुणी वार्ताहर जाणार नाही.

यातली गंमत अशी, की माती न मोडता पाहणारे लोक विदर्भातच बसलेले आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था, तिचे मुख्यालय नागपूरला. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून महामार्ग धरला की सरळ तिथेच पोहोचतो. भारतातल्या 70 नमुना मृदांचे सूक्ष्मरचनात्मक वर्णन हॉलंडच्या माया कोइस्त्रा यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी काळ्या मातीच्या कापांवर वर्षानुवर्षे काम केले. पुरातत्त्वज्ञांत एक समज पक्का होता: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचे खाली जाते, पावसात फुगते, घुसळते, म्हणून तिच्यात थर टिकत नाहीत आणि सूक्ष्म पुरावा शोधण्यात अर्थ नाही. पाल यांच्या कापांत त्या मातीतही वरून खाली झिरपलेल्या चिकणमातीचे पातळ लेप दिसले. म्हणजे घुसळण आहे, पण ती सगळे पुसून टाकण्याइतकी सर्वव्यापी नाही. शेतकीच्या लोकांनी काढलेला हा निष्कर्ष उत्खननाच्या लोकांसाठी सोन्यासारखा आहे. तो त्यांच्या अहवालांत फारसा उमटलेला दिसत नाही.

आता कोहमाऱ्याच्या मातीकडे. नागपूरच्या पश्चिमेला सगळे बसाल्टचे राज्य. बसाल्टात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतो. म्हणून तिकडच्या वस्तीच्या थरात क्वार्ट्‌झचे टोकदार कण दिसले तर ते नदीने आणले, वाऱ्याने आणले की माणसाने, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. गोंदियाकडे पाया वेगळा: आमगावकडचे अतिप्राचीन नीस, साकोलीकडचे रूपांतरित खडक. इथे क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक मातीत मुबलक. इथला शेतकरी जमिनीला सिहार, मोरांड, कन्हार, खरडी, बर्डी अशी नावे देतो, आणि ती नावे प्रयोगशाळेतल्या वर्गवारीपेक्षा कमी नेमकी नाहीत. विदर्भाच्या शिलावर्तुळांत दगडांच्या रचनेखाली काळ्या चिकट मातीचा भराव आढळतो. नागपूरजवळ काळी माती पायाखालीच असते. पण तसाच भराव पूर्वेला, नीसच्या प्रदेशातल्या एखाद्या वर्तुळात आढळला तर ती माती जवळच्या कन्हारातून उचलली, बोडीच्या तळातून काढली की लांबून आणली, हे कणांच्या जातींवरून कापात कळू शकते. मेलेल्यावर टाकायची माती कुठून आणायची, हा त्या लोकांचा विधीचा प्रश्न होता. आपल्याला तो खनिजांच्या भाषेत वाचता येईल.

प्रत्येक माती मात्र प्रत्येक पुरावा जपत नाही, आणि इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. शेणातले चुनखडीचे गोलक आम्लधर्मी मातीत विरघळतात. धानपट्ट्यातली भरपूर पावसाची, निचऱ्याने धुतलेली माती बऱ्याच ठिकाणी आम्लतेकडे झुकते. म्हणजे इतरत्र जो गोठा गोलकांवरून ओळखता येतो, तसाच गोठा इथल्या चुलबंद नदीच्या काठी असूनही कापात दिसणार नाही, अशी शक्यता आहे. हाडांचेही तेच. परागकण कोरड्या-ओल्या फेऱ्यांत कुजतात. ते हवे असतील तर कायम पाण्याखाली राहिलेला गाळ लागतो. लोणारच्या सरोवराने तसा गाळ दिला. 2008 मध्ये तिथे काढलेल्या सुमारे दहा मीटर गाभ्यावरून 4600 ते 3900 आणि 2000 ते 600 वर्षांपूर्वी पावसाने दीर्घकाळ दगा दिल्याचे सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडले. दुसरा टप्पा सातवाहनांच्या काळापासून यादवांपर्यंतचा. वाकाटकांचा सगळा काळ त्याच्या पोटात येतो. झाडीपट्टीतल्या तलावांची मुळे शोधताना हा आकडा उशाशी ठेवावा असा आहे.

आम्लधर्मी मातीत टिकतात ते फायटोलिथ. गवताच्या पेशींत सिलिका साचते, झाड कुजते, पेशीचा काचेसारखा साचा मातीत राहतो. भाताचे साचे विशेष ओळखू येणारे: तुसावर दोन शिंगांची पेशी, पानात पंख्याच्या आकाराची. लंडनच्या अॅलिसन वाइस्कोफ, डोरियन फुलर आणि चीनमधले संशोधक यांनी यात एक पाऊल पुढे टाकले. पाण्यात उभ्या असलेल्या शेतात गवताच्या काही पेशी जास्त सिलिका घेतात आणि काही पेशी पाणी असो नसो तेवढीच घेतात. या दोहोंच्या प्रमाणावरून शेत चिखलाचे होते की कोरडवाहू, याचा अंदाज बांधता येतो. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यातल्या भातशेतीचा इतिहास त्यांनी असा मांडला. गोंदियासाठी हे बेतून शिवल्यासारखे आहे, पण एक अडचण ठेवून. झाडीपट्टीत तणस आणि कोंडा कुठे नसतो? भिंतीच्या मातीत, सारवणात, जनावरांच्या पुढ्यात, शेणातून पुन्हा जमिनीवर. वस्तीच्या थरात भाताचे फायटोलिथ ढीगभर मिळाले तर त्याने फक्त घरात तणस होते एवढे कळते. शेत ओळखायचे तर शेताच्याच मातीत जावे लागेल. चिखलणीने खाली घट्ट झालेला थर, लोहाचे तांबडे-राखाडी डाग, भेगांतून उतरलेली गढूळ चिकणमाती ही बांधीची लक्षणे कापात एकत्र दिसायला हवीत आणि त्याच थरात फायटोलिथांचे प्रमाण चिखलशेतीचे निघायला हवे. नुसत्या गढूळ लेपांवर नांगरटीचा निकाल देण्याची घाई युरोपात झाली होती. जंगल तोडल्यावर, जनावरांनी तुडवल्यावरही तसेच लेप बसतात, हे नंतर कळले.

तलावाच्या पाळीसाठी नमुना मध्य प्रदेशातून घ्यावा. सांचीच्या आसपास जूलिया शॉ यांनी जुन्या मातीच्या धरणांची पाहणी केली. त्यांच्या गाळाचे वय त्यांनी प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने काढले आणि परागकणही तपासले. हे काम 2007 मध्ये छापून आले. ही धरणे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतली असावीत आणि बौद्ध विहार, पाणी आणि भातशेती यांचा एकमेकांशी संबंध होता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आता पवनी आठवावी. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी 1969-70 मध्ये तिथे जगन्नाथ टेकडीचा स्तूप खणला. सांचीच्या पंक्तीतला स्तूप वैनगंगेवर आहे, भात पिकवणारा प्रदेश पाठीशी आहे, चुलबंद वाहत जाऊन त्याच वैनगंगेला मिळते. पवनीच्या भिक्षूंना तांदूळ कुठून येत होता? सांचीचे उत्तर पवनीला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल, पण प्रश्न लावायला कुणाची हरकत नसावी. कोहळ्यांच्या आधी इथे पाळ बांधणारे हात होते असे निघाले, तर कोहळ्यांचे श्रेय तसूभर कमी होत नाही. नव्याने आलेल्या माणसांनी जुन्या पाळींचा माग काढून त्या मोठ्या केल्या असतील, तर ती उलट जास्त रंजक हकीकत आहे.

या सगळ्यात कापाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. काचपट्टी तळहाताएवढी, वस्ती पन्नास एकरांची. डबा चार बोटे डावीकडे लावला असता तर चूल हुकली असती. पाहणाऱ्याच्या अनुभवावर बरेच अवलंबून राहते; एकाच पट्टीत एकाला गोठा दिसतो, दुसऱ्याला उकिरडा. यावर उपाय तोच, बालाथळचा: आजचे नमुने. कोहमाऱ्याच्या पंचक्रोशीत मातीची घरे, शेणाने सारवलेल्या छपऱ्या, धानाची खळी, जनावरांचे कोठे अजून आहेत, जरी वर्षागणिक त्यांवर फरशी चढते आहे. त्यांचे काप आत्ता काढून ठेवले तर पुढे इथल्या उत्खननात वाद झाला तर दाखवायला ताळा असेल. गोठ्याची माती आम्लात गोलक हरवून बसते का, हेही त्यातूनच कळेल. त्यासाठी उत्खननाचा परवानाही लागत नाही. घरमालकिणीची परवानगी लागते.

घाईचे कारण दुसरे आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्याने 2017 मध्ये सुरू केली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. मामा तलावांची साठवण वाढते, शेताला सुपीक माती मिळते. योजना चांगलीच आहे आणि मालगुजारांच्या काळातही गाळ असाच उपसला जात असे. पण तलावाच्या तळाशी बसलेला हा गाळ म्हणजे इथल्या भातशेतीची एकमेव सलग वही आहे, आणि ती उपसून शेतात पसरली की थरांचा क्रम गेला. सगळ्या तलावांत थांबा म्हणण्याचे कारण नाही. जुनी समजली जाणारी दोन-चार स्थळे निवडून, यंत्र आत उतरण्याआधी पाळीच्या पायथ्याशी एक चर घ्यावा, पाळीखाली गाडलेली मूळ जमीन गाठावी, पत्र्याचे डबे दाबावेत आणि प्रकाशदीप्तीने वय काढण्यासाठी उजेड न लागू देता एक नळी भरून काढावी. हे काम एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे. डबे नागपूरला पाठवायचे आणि खापरे पुण्याला, हे ठरवायला मात्र शेतीच्या आणि पुरातत्त्वाच्या खात्यांना एकमेकांना पत्र लिहावे लागेल.